स्पूनर मास्तर गाडी वाचवतात

टिलफर्डची सकाळी जाणारी आणि रात्री परतणारी गाडी बंद करायचा अर्ज रेल्वे कंपनीनं केला, तेव्हा गावात सर्वांत जास्त संताप कुणाला आला असेल, तर ज्यांनी त्या गाडीत आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं त्यांना. हे असंच असतं. वर्षातून एकदा, नाताळला, चर्चमध्ये उगवणारा माणूसच छप्पर गळतं म्हणून पाद्रीबुवांना सर्वांत जास्त सुनावतो.

मर्टन स्पूनर मास्तर मात्र त्या गाडीत बसत. हायस्कुलात लॅटिन शिकवणारे, साठीला टेकलेले, विधुर. दर शनिवारी सकाळी कोट आणि हॅट चढवून ते स्टेशनावर जात, ओमाहाला मुलीकडे उतरत, रविवारचं जेवण नातीला मांडीवर घेऊन जेवत आणि रात्रीच्या गाडीनं परत येत. आठवड्याचे उरलेले दिवस ते या दोन दिवसांच्या आधारानं ढकलत. टिलफर्डच्या पोरांना लॅटिन शिकवणं म्हणजे कुंपणाच्या खांबाला चारा घालण्यासारखं होतं. खांब नको म्हणत नाही, पण खातही नाही.

मास्तर मोटार चालवत नसत. नेब्रास्कात मोटार न चालवणाऱ्या पुरुषाकडे लोक आधी दयेनं बघतात, मग याला काहीतरी आतला आजार असावा असं ठरवून विषय बदलतात. मास्तरांनी यावर एक तत्त्वज्ञान रचलं होतं. "मोटारीत माणूस रस्त्याचा नोकर असतो," ते म्हणत, "आणि रेल्वेत तो स्वतःचा मालक. पुस्तक वाचू शकतो." खरी गोष्ट एवढीच होती, की बायको हॅटी होती तोवर मोटार ती चालवायची. ती गेल्यावर मास्तरांनी एकदा मोटार बाहेर काढून पाहिली. मोटार मागे गेली, ओसरीचे खांब घेऊन थांबली, आणि तेव्हापासून ताडपत्रीखाली होती. हा प्रकार गावात कुणाला ठाऊक नाही अशी मास्तरांची समजूत होती.

गाडी वाचवायला शाळेच्या सभागृहात सभा भरली. बाहेर मोटारी लावायला जागा उरली नाही.

कमिटीचा अध्यक्ष म्हणून एकमतानं लायल क्रुग निवडून आला. लायल मास्तरांचा जुना विद्यार्थी. लॅटिनमध्ये दरवर्षी नापास झाला होता आणि आता गावातला सर्वांत पैसेवाला माणूस होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हे मास्तरांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. उत्तर काय येईल याची त्यांना धास्ती वाटे.

"गाडी हा आपल्या गावाचा प्राण आहे," लायल म्हणाला.

"लायल, तू मोटारी विकतोस," मास्तरांनी हळूच आठवण करून दिली.

"म्हणून तर, मास्तर. मी पुढे असलो की कुणाची म्हणायची छाती होणार नाही, की यात आपला स्वार्थ आहे."

या बोलण्यात कुठेतरी भोक होतं, पण मास्तरांना ते सापडायच्या आत टाळ्या पडल्या. मास्तरांना चिटणीस केलं. कमिटीत जो बोलतो त्याला अध्यक्ष म्हणतात आणि ज्याची कंबर मोडते त्याला चिटणीस.

त्या दिवसापासून मास्तरांना सल्ल्याशिवाय रस्ता ओलांडता येईना. न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून सांगितलं, की कंपनीवर दावा लावा. पाद्रीबुवा म्हणाले, प्रार्थना करा, पण कोळसा महाग झालाय हेही देवाला दिसतंच. शेजारीण गर्डा ओस्ट्रँडर हिचा सल्ला सर्वांत सोपा होता. गर्डाबाई म्हणजे गावभराची मोठी बहीण. तिची ब्यूक मोटार लांबीला तिच्या घराएवढी होती.

"मास्तर, तुम्ही रुळांवर आडवे पडा."

"त्यानं काय होईल?"

"पेपरात येईल."

"गर्डाबाई, मी आडवा पडलो तर गाडी थांबणार नाही. पार्लीनं निशाण लावलं तरच ती थांबते."

हे मात्र खरं होतं. टिलफर्डला गाडी आपण होऊन थांबत नसे. स्टेशनमास्तर पार्ली डिक्स यानं खांबाला हिरवं-पांढरं निशाण अडकवलं, तर ड्रायव्हर नाइलाजानं ब्रेक दाबी. निशाण अडकवायचं तर उतारू हवा, आणि उतारू येऊ नये याची कंपनीनं चोख व्यवस्था ठेवली होती. आधी जेवणाचा डबा काढला. मग सँडविच विकणारा काढला. मग थंडीत डबे गरम करणं सोडलं. मग स्टेशनातल्या बसायच्या खोलीला कुलूप लावलं. एवढं करूनही स्पूनर मास्तर येतच राहिले, तेव्हा कंपनीनं सरळ अर्ज केला, की लोकांना आता रेल्वे नकोशी झाली आहे. बायकोला उपाशी ठेवायचं आणि मग ती वाळली म्हणून सोडचिठ्ठी मागायची, यातलाच हा प्रकार.

"तू काहीतरी बोल की रे, पार्ली," मास्तर म्हणाले. "तू त्यांचा माणूस आहेस."

"म्हणून तर बोलत नाही," पार्ली म्हणाला. पार्ली रेल्वेत इतकी वर्षं होता, की त्याला कशाचंच नवल वाटत नसे. "मला वरून सांगितलंय, तिकीट मागायला कुणी आलं, तर आधी विचारायचं की दुसरी काही सोय होणार नाही का."

"मला तर कधी विचारलं नाहीस."

"तुमची होणार नाही, मास्तर," पार्ली सहज म्हणाला आणि निशाण आणायला आत गेला.

कमिटीनं ठरवलं, की सुनावणीआधी गावाची गाडीवरची माया जगाला दाखवायची. 'रेल्वेचा दिवस' साजरा करायचा. सगळ्या गावानं सकाळच्या गाडीत बसायचं, जिल्ह्याच्या गावी, मर्सरला, उतरायचं, तिथल्या बागेत सहभोजन करायचं आणि परत यायचं. मास्तर महिनाभर दारोदार फिरले. ज्या घरांत कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथे कॉफी प्यायले, आणि ज्या कॉफीला अमेरिकेत कॉफी म्हणायचा रिवाज आहे ती त्यांच्या पोटाला कधीच मानवली नव्हती. सगळे येतो म्हणाले.

आणि सगळे खरंच आले. बाया ताटल्या झाकून घेऊन आल्या. बटाट्याचं सॅलड, मक्याची खीर, कोंबडी, चेरीचे केक. गाडीत उभं राहायला जागा उरली नाही. गाडी हलली तेव्हा कुणीतरी गाणं धरलं. मास्तर गात नसत, पण त्यांनी ओठ हलवले.

एकच गोष्ट चिटणिसांच्या नजरेतून निसटली होती. मर्सरहून परतीची गाडी मध्यरात्र उलटल्यावर होती. ती बायांच्या नजरेतून निसटली नव्हती. त्यांनी नवऱ्यांना सांगून ठेवलं होतं. गाडी मर्सरला पोचली तेव्हा स्टेशनाबाहेर टिलफर्डच्या मोटारींची रांग पार बँकेच्या कोपऱ्यापर्यंत लागली होती. नवरे गाडीच्या मागून निघून गाडीच्या आधी पोचले होते आणि बॉनेटवर टेकून सिगरेटी ओढत होते.

"उशीर केलात," लायल क्रुग मास्तरांना म्हणाला. अध्यक्ष स्वतः मोटारीनं आला होता. "कुणीतरी इकडची व्यवस्था बघायला नको का?"

मर्सरच्या पेपरात दुसऱ्या दिवशी मोठा फोटो आला. फोटोत मोटारी होत्या. गाडीची फक्त शेपटी, कोपऱ्यात.

त्यानंतर सुनावणी, मर्सरच्याच कोर्टात. शेवटच्या सभेत मास्तर एकच गोष्ट बोलले. पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलले.

"काहीही करा, पण त्या दिवशी मोटारीनं जाऊ नका. तुम्ही कसे आलात, हे ते पहिलं विचारतील. सगळ्यांनी गाडीनं जायचं."

"अर्थातच, मास्तर," सगळे म्हणाले. ते इतक्या मनापासून म्हणाले, की मास्तरांनी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

सुनावणीच्या सकाळी बर्फाचा पातळ थर होता. फलाटावर मास्तर एकटे. पार्लीनं निशाण लावलं आणि आत जाऊन शेगडीपाशी बसला. मास्तर वाट बघत राहिले. रुळांना लागूनच हमरस्ता होता. त्यावर पहिल्यांदा गर्डाबाईची ब्यूक दिसली. ती थांबली आणि काच खाली झाली.

"मास्तर, चला. मागे जागा आहे. फक्त केकवर बसू नका."

"गर्डाबाई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं हो. पण या थंडीत माझे गुडघे. आणि कोर्टातल्या लोकांसाठी केक केलाय, तो गाडीच्या धक्क्यांनी मोडेल."

मग न्हाव्याची मोटार गेली. मग पाद्रीबुवांची. ते हात वर करून गेले. आशीर्वाद होता की माफी, ते वेगामुळे कळलं नाही. मग लायल क्रुगची नवीकोरी मोटार आली, आणि तीत चार साक्षीदार.

"मास्तर, बसा. गाडी उशिरा आहे. पार्लीनं मला फोन केला होता."

"मला नाही सांगितलं."

"तुम्ही काय, थांबलाच असता," लायल म्हणाला. ते खरं होतं, म्हणून मास्तरांना अधिक लागलं. ते म्हणाले, "मोटारीत माणूस रस्त्याचा—"

"हो, हो, मास्तर," लायल म्हणाला. वर्गात म्हणायचा त्याच सुरात. आणि गेला.

गाडी आली. मास्तर बसले. मर्सरच्या अलीकडे, कुठल्याशा मक्याच्या शेताशेजारी, ती बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली. मालगाडीला वाट द्यायची होती. डबा गार होता. मास्तरांनी पुस्तक उघडलं, पण हातमोज्यांनी पान उलटेना. अर्ध्या सकाळनंतर मालगाडी आली. लांबलचक, सावकाश, एखाद्या जमीनदारासारखी. दुमजली सांगाड्यांवर नव्या मोटारी लादलेल्या होत्या. लाल, निळ्या, पिवळ्या. मास्तर त्या मोजू लागले. शेवटी शेवटी ते मोजायचंही विसरले.

ते कोर्टात धापा टाकत शिरले, तेव्हा सुनावणी घेणारे आयुक्त कागद गोळा करत होते. गर्डाबाईच्या केकचा तुकडा त्यांच्या पुढ्यात अर्धा खाल्लेला होता. मास्तरांना शपथ दिली. कंपनीचा वकील तरुण, सभ्य आणि दाढी घोटून आलेला होता. असल्या माणसापासून वाचणं कठीण असतं.

"आपण उशिरा आलात, सर."

"गाडी उशिरा आली."

"म्हणजे या गाडीवर भरवसा ठेवता येत नाही, असं आपण शपथेवर सांगता?"

"नाही. तिला बाजूला काढून ठेवलं होतं, असं सांगतो. तुमच्या मालगाडीला वाट द्यायला."

"मालगाडीत काय होतं?"

मास्तरांनी शपथ घेतलेली होती. "मोटारी," ते म्हणाले.

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. वकील हसला नाही. त्यानं अदबीनं विचारलं, "टिलफर्डचे बाकीचे सगळे साक्षीदार वेळेवर आले. त्यांनी आपल्याला बरोबर बोलावलं नव्हतं का?"

"बोलावलं होतं."

"मग का आला नाहीत?"

"मोटारीत माणूस रस्त्याचा नोकर असतो. रेल्वेत तो—"

"आपल्या घरी मोटार आहे?"

"आहे."

"मग गाडी बंद झाली, तर आपण ती वापराल. बरोबर?"

आता खरं तर इथे काहीही सांगता आलं असतं. पण मास्तर पोरांना आयुष्यभर सांगत आले होते, की शपथ ही शपथ असते. आयुक्त वाट बघत होते. मास्तरांना डोळ्यांपुढे ओमाहातलं जेवणाचं टेबल दिसलं, उंच खुर्चीवरची नात दिसली. तिला नुकतं 'आजोबा' म्हणता यायला लागलं होतं.

"मला चालवता येत नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते. गाडी गेली तर मला मुलीकडे जाता येणार नाही. एवढंच आहे. बाकीचं मी उगाच बोलत होतो."

त्यांनी मागे वळून पाहिलं. गाव चकित झालं असेल असं त्यांना वाटलं होतं. कुणीच चकित झालं नव्हतं. गर्डाबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. लायल बुटांकडे बघत होता. पाद्रीबुवांनी डोळे मिटले होते. मास्तरांना एकदम कळलं, की हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. शाळेच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या पोराचं बेसूर गाणं ऐकून घेतात, तसं गावानं त्यांचं तत्त्वज्ञान इतकी वर्षं ऐकून घेतलं होतं. टाळ्यासुद्धा दिल्या होत्या.

परत येताना ते ब्यूकमध्ये मागे बसले, रिकाम्या ताटल्यांशेजारी.

"दार जोरात ओढा, मास्तर," गर्डाबाई म्हणाली. "त्या ओसरीच्या खांबांची गोष्ट कधीची झाली हो. मी तेव्हाच खिडकीतून म्हटलं, माणसाला लागलं नाही ना, मग बास." तिचा स्वर प्रेमळ होता. तोच सहन होत नव्हता.

निकाल लागला. गाडी बंद. आयुक्तांनी त्यात मास्तरांसाठी चांगला परिच्छेद खर्च केला होता. या गावातून गाडीला नियमित उतारू एकच आहे. त्याची अडचण खरी आहे. परंतु त्याच्या शेजाऱ्यांची त्याला मोटारीनं नेण्याची तयारी कोर्टासमोर आलेलीच आहे, आणि त्यांच्या सदिच्छेवर अविश्वास दाखवायचं कारण नाही. म्हणजे गावानं आपल्या चांगुलपणानं गाडी मारली. वाईटपणानं मारली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं.

शेवटच्या गाडीला, एका शनिवारी, शाळेचा बँड आला. शेजारच्या गावांतून लोक आले. पोरांना खांद्यावर घेऊन बाप म्हणत होते, "बघून घे, पुन्हा दिसायची नाही." पार्लीनं खिडकी उघडली तर ही रांग. सगळ्यांना मर्सरपर्यंतचं तिकीट हवं होतं, आठवण म्हणून. मास्तर रांगेत शेवटी होते. पार्लीनं मान वर न करता त्यांच्या हातात तिकीट दिलं आणि खिडकी लावून घेतली. आता ती उघडायचीच नव्हती.

मास्तरांच्या नेहमीच्या खिडकीपाशी एक अनोळखी बाई बसली होती. मांडीवर टोपली, शेजारी कुटुंब.

"माफ करा," मास्तर म्हणाले, "मी दर शनिवारी इथे—"

"आम्ही शेवटच्या गाडीत बसायला मुद्दाम ऐंशी मैलांवरून आलोय हो," बाई म्हणाली. "तुम्ही रोजचेच दिसता. तुम्ही काय, केव्हाही बसाल."

मास्तर उभे राहिले. लोक सीटवरच्या कापडी गवसण्या काढून खिशात घालत होते. कुणी राखेची भांडी उपटली. न्हाव्यानं 'थुंकू नका' ही पाटी स्क्रू काढून नेली. दुकानात लावायला कामाची होती. ज्यांनी गाडीतून कधी प्रवास केला नाही, त्यांनी ती आता घरी न्यायला काढली होती. मर्सरला सगळे उतरले. बाहेर मोटारी उभ्याच होत्या. उरलेला प्रवास मास्तरांनी एकट्यानं केला. बसायला जागा भरपूर होती, गवसण्या नव्हत्या.

ओमाहाला मुलगी, लोइस, दारातच भेटली. नात पायांना चिकटली. रविवारचं जेवण नेहमीसारखं झालं. जावई फिरतीवर गेला होता, मोटार घेऊन. लोइसनं भाजलेलं मांस वाढता वाढता विचारलं, "बाबा, परत कसे जाणार?"

"रात्रीच्या गाडीनं," मास्तर म्हणाले आणि घास घेतला.

मग त्यांचं चावणं थांबलं.

त्यांनी खिशातून तिकीट काढून पाहिलं. येण्याजाण्याचं होतं. गाडी वाचवण्यासाठी वर्ष घालवलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं, की शेवटची गाडी म्हणजे तिच्यामागून परत आणणारी काही नसते. आणि सोमवारी शाळा होती.

फोन गर्डाबाईलाच करावा लागला. टिलफर्डमध्ये एका तारेवर अख्ख्या आळीचे फोन होते. एकाची घंटा वाजली की बाकीच्यांनी फोन उचलून ऐकायचा रिवाज होता, आणि न ऐकणाऱ्याला लोक शिष्ट समजत.

"गर्डाबाई, मी स्पूनर. ओमाहाहून बोलतोय."

"मास्तर? कुणी गेलं का हो?"

"नाही, कुणी गेलं नाही." तारेवर एक खट्ट झालं. मग आणखी एक. कुणीतरी नाकानं श्वास घेत होतं. तो पार्ली, हे मास्तरांनी ओळखलं. "मला परत यायचं आहे."

"मग या की."

"गाडी नाही."

मग पार्लीचा आवाज आला. "मास्तर, मी तुम्हांला परतीचंही तिकीट दिलं काय?"

"दिलंस."

"हात सवयीचा झालाय," पार्ली म्हणाला. "तुम्ही तरी घेतलंत कसं?"

"मलाही सवय झाली आहे, पार्ली."

"उद्या सकाळी मी निघतो, मास्तर," मध्येच लायल म्हणाला. तोही होताच. "नवीन मॉडेल आणतो. तुम्हांला कळणारसुद्धा नाही मोटारीत बसलाय ते."

"तुझ्या चालवण्यानं त्यांना मळमळेल," गर्डाबाई म्हणाली. "मी जाते. आज, आत्ता. शाळा बुडवतील का ते?"

"मंगळवारी मला दातांसाठी ओमाहाला जायचंच आहे," पाद्रीबुवांची बायको म्हणाली.

"मंगळवारचं काय घेऊन बसलीस?" गर्डाबाई म्हणाली. "आजचं मी बघते. पण पुढच्या शनिवारचं काय? दर शनिवारी जातात ते. नातीला बघितल्याशिवाय आठवडा जात नाही त्यांचा."

"मग पाळी लावू. पहिला शनिवार माझा."

"पहिला नको, पहिल्याला चर्चचं सहभोजन असतं. तू दुसरा घे. लायल, तू रविवारी रात्री आणायचं. आणि रस्त्याचं ते नोकर-मालक बोलायला लागले, तर मुकाट ऐकून घ्यायचं."

"ते मी शाळेपासून ऐकतोय."

"पाय पसरायला जागा लागते त्यांना, मागे बसवा," पार्ली म्हणाला.

"मागे नको. मागे बसले की झोपतात, मग मान धरते."

मास्तर फोन कानाला लावून उभे होते. मधे बोलायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण ते तारेवर आहेत याची तिथे कुणाला आठवण राहिली नव्हती.

"काय म्हणतायत, बाबा?" लोइसनं विचारलं.

मास्तरांनी फोनवर हात ठेवला.

"माझं वेळापत्रक ठरवतायत," ते म्हणाले आणि टेकायला खुर्ची शोधू लागले.